मेण, वात आणि साचा : गोव्याच्या हवेत मेणबत्ती घरी कशी करावी

मेणबत्तीकडे पाहिले की लक्ष मेणाकडे जाते, कारण रंग, जाडी, चकाकी हे सारे मेणाचेच असते. ती नीट जळेल की धूर ओकेल हे मात्र बहुतांशी वातीवर ठरते, आणि या वस्तूच्या इतिहासातही शतकानुशतके न सुटलेली अडचण वातीचीच होती. पुढील मार्गदर्शनात म्हणूनच वातीला झुकते माप दिले आहे. ते गोव्याचे हवामान गृहीत धरून लिहिले आहे, कारण थंड देशांसाठी लिहिलेल्या कृती इथल्या मे महिन्यात आणि आषाढात जशाच्या तशा चालत नाहीत.

जळते ते काय

ज्योतीच्या उष्णतेने वातीच्या बुडाशी मेण वितळते, वातीच्या तंतूंमधून केशाकर्षणाने वर चढते आणि टोकाशी पोहोचून त्याची वाफ होते. जळते ती ही वाफ. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1848 साली आणि पुन्हा 1860-61 च्या नाताळात मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांत हीच गोष्ट प्रयोगांनी दाखवली होती. त्यांतला एक प्रयोग घरीही करता येतो. जळती मेणबत्ती हलकेच फुंकून विझवावी आणि वातीतून वर जाणाऱ्या पांढुरक्या धुराला थोड्या अंतरावरून पेटती काडी लावावी. ज्योत त्या धुरावरून उतरत वातीपर्यंत येते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. तो पांढुरका धूर म्हणजे न जळालेले मेणच असते.

यातून कामाचा निष्कर्ष असा निघतो की मेण वितळण्याचा, वर चढण्याचा आणि जळण्याचा वेग एकमेकांशी जुळला पाहिजे. वात जाड असली तर गरजेपेक्षा जास्त मेण वर येते, ते पुरते जळत नाही आणि काजळी धरते. वात बारीक असली तर वितळलेले मेण साचत जाते आणि ज्योत त्यात बुडून विझते.

चरबीपासून पॅराफिनपर्यंत

रोमन लोक जनावरांच्या चरबीत वात पुन्हा पुन्हा बुडवून मेणबत्त्या करीत. ही रीत युरोपात सामान्य घरांमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. चरबीची मेणबत्ती स्वस्त होती, पण ती मऊ असे, ओघळे, धूर करी आणि तिला जळक्या मांसाचा वास येई. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती स्वच्छ जळे, परंतु ती चर्चला आणि श्रीमंतांनाच परवडे. या दोन वस्तूंमधील अंतर इतके होते की लंडनमध्ये त्यांच्या कारागिरांचे संघही वेगळे होते; चरबीवाल्यांना 1462 मध्ये राजसनद मिळाली, तर मेणवाल्यांना 1484 मध्ये. पुढे इंग्लंडमध्ये 1709 पासून मेणबत्त्यांवर कर बसला आणि परवान्याशिवाय त्या घरी करण्यासही बंदी झाली. हा कर 1831 मध्ये उठला. लव्हाळ्याचा गाभा चरबीत भिजवून केलेला गरिबांचा दिवा तेवढा त्यातून सुटला होता.

अठराव्या शतकात स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातून मिळणारे मेणासारखे द्रव्य वापरात आले. ते उन्हाळ्यातही वाकत नसे. खरी कलाटणी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरल याच्या संशोधनाने मिळाली. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांचे संयुग आहे, हे त्याने दाखवले आणि त्यांतले कठीण स्टिअरिक आम्ल वेगळे केले. गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्याने 1825 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास फ्रान्समध्येच कांबासेरेस याने पिळाच्या वातीऐवजी वेणीसारखी विणलेली वात आणली. कार्ल फॉन रायशेनबाख याला 1830 मध्ये लाकडाच्या डांबरात पॅराफिन हे मेणासारखे द्रव्य सापडले, जोसेफ मॉर्गनचे साच्यातून मेणबत्त्या बाहेर ढकलणारे यंत्र 1834 मध्ये आले, आणि जेम्स यंगने 1850 मध्ये कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट घेतले. आज दुकानात मिळणारी पांढरी मेणबत्ती पंचवीस वर्षांच्या याच काळात घडली. तिच्यात पॅराफिन असते, कडकपणासाठी थोडे स्टिअरिक आम्ल असते आणि मध्ये विणलेली सुती वात असते.

गोव्यात देवळांचा प्रकाश तेलाचा आहे. मंगेशीची दीपमाळ असो वा दिवजोत्सवात सुवासिनींच्या हातातली मातीची दिवजां, तिथे मेणाला जागा नाही. चर्चचा प्रकाश मेणाचा आहे, आणि 1510 नंतर पोर्तुगीज राजवटीत चर्चबरोबरच मेणबत्तीची नित्याची गरज इथे रुजली. कॅथलिक परंपरेने वेदीवरच्या मेणबत्तीसाठी मधमाशीचे मेण मानले. पॅराफिन स्वस्त झाल्यावर रोममधून 1904 मध्ये असा निर्णय आला की ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीत बहुतांश भाग मधमाशीच्या मेणाचाच असावा. लोकांच्या वागण्यात मात्र तेल आणि मेण यांची सरहद्द इतकी काटेकोर कधीच नव्हती; म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (माता मेरीच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल वाहणारे आणि मेणबत्ती लावणारे भाविक एकाच रांगेत उभे असतात.

मेणाची निवड

गोव्यात मे महिन्यात कमाल तापमान 33 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पत्र्याच्या छपराखाली ते याहून बरेच चढते. मेण वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागते, आणि त्यामुळे लांब, सडपातळ मेणबत्त्या उभ्या उभ्या वाकतात. पॅराफिन घेताना म्हणून 58 ते 60 अंशांना वितळणारे, पूर्ण शुद्ध केलेले, लादीच्या स्वरूपातले घ्यावे. त्यात वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत स्टिअरिक आम्ल मिसळावे. ते 69 अंशांच्या आसपास वितळते. त्याने मेणबत्ती कडक व अपारदर्शक होते आणि साच्यातून सहज सुटते. स्टिअरिक आम्ल तांब्यावर क्रिया करते आणि मेणाला हिरवट झाक येते, म्हणून आजीची तांब्या-पितळेची भांडी कितीही देखणी असली तरी या कामासाठी स्टीलच वापरावे.

मधमाशीचे मेण 62 ते 65 अंशांना वितळते आणि इथल्या उन्हाळ्याला ते सर्वांत चांगले तोंड देते. कच्चे पोळे मिळाले तर ते गाळून घ्यावे लागते. पोळ्याचे तुकडे पाण्यात टाकून मंद आचेवर तापवावेत, वितळल्यावर सर्व मिश्रण मलमलीतून दुसऱ्या पातेल्यात गाळावे आणि झाकून रात्रभर स्थिर ठेवावे. मेण पाण्यापेक्षा हलके असल्याने सकाळी त्याची वडी वर तरंगताना मिळते. वडीच्या खालच्या बाजूला चिकटलेला मळ सुरीने खरवडून टाकावा. मेण अजूनही काळपट वाटल्यास हीच कृती पुन्हा करावी.

घरात भिरंडेल असते, मग कोकमाच्या त्या घट्ट तेलाची मेणबत्ती का होऊ नये, हा प्रश्न गोव्यात साहजिक आहे. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते, पण ते ग्लिसरीनशी बांधलेले असल्यामुळे भिरंडेल 40 अंशांच्या आसपासच वितळते. उभी मेणबत्ती त्याने टिकणार नाही. वाटीत ओतून दिव्यासारखे जाळायला मात्र ते चालते. भेगाळलेल्या टाचांसाठी राखून ठेवणे हा त्याचा अधिक शहाणा उपयोग. खोबरेल तर 25 अंशांनाच पातळ होते, त्याचा विचारही नको.

वात

विणलेली वात आणि पिळाची वात यांत फरक आहे तो टोकाचा. पिळाची वात ज्योतीत सरळ उभी राहते, तिचे टोक पुरते जळत नाही आणि कोळसा वाढत जातो. समईची वात जशी अधूनमधून सारावी लागते तशी जुन्या मेणबत्तीची वात थोड्या थोड्या वेळाने कातरावी लागे, आणि युरोपात त्यासाठी खास कात्र्या असत. चपटी विणलेली वात जळताना एका बाजूला कलते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या, सर्वांत तप्त भागात जाते आणि तिथे हवा मिळून राख होऊन संपते. मेणबत्ती स्वतःच आपली वात कातरते, असे म्हणायला हरकत नाही. बुडवून केलेल्या पॅराफिनच्या मेणबत्तीला चपटी वीण योग्य. मधमाशीचे मेण वितळल्यावरही दाट राहते, म्हणून त्याला चौकोनी विणीची आणि एक माप जाड वात घ्यावी.

वात घरी करायची असल्यास न रंगवलेला, शुद्ध सुती दोरा घ्यावा. पॉलिएस्टर मिसळलेला दोरा वितळून गोळा होतो. एक पेला कोमट पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे टाकणखार विरघळवून दोरा त्यात रात्रभर भिजत घालावा. या क्षारांमुळे वात सावकाश जळते आणि तिच्या राखेचा चिवट कोळसा उरत नाही. नंतर दोरा पूर्ण वाळवून त्याची तीन पदरी, घट्ट पण न ताणलेली वेणी घालावी. अंगठ्याएवढ्या जाडीच्या मेणबत्तीसाठी प्रत्येक पदरात किती धागे घ्यायचे हे दोऱ्याच्या जाडीवर अवलंबून असते, म्हणून बारीक, मध्यम आणि जाड अशा तीन वाती करून तिन्ही जाळून पाहाव्यात.

वाळवण्याची पायरी गोव्यात सर्वांत जास्त फसते. पावसाळ्यात दोरा चार दिवस टांगून ठेवला तरी आतून ओलसर राहतो आणि अशी वात तडतडते. त्यापेक्षा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या दिवसांत, मिरच्या आणि सोलां (कोकमाच्या साली) उन्हात पडलेली असतात तेव्हाच, वर्षभराच्या वाती वाळवून, मेण पाजून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवाव्यात.

मेण पाजणे म्हणजे वात वितळलेल्या मेणात बुडवून तिच्यातून बुडबुडे येणे थांबेपर्यंत ठेवणे. ते थांबले की तंतूंमधील हवा आणि ओल गेली असे समजावे. वात बाहेर काढून दोन्ही टोके धरून सरळ ताणावी आणि कागदावर आडवी ठेवून थंड होऊ द्यावी. ही पायरी गाळली तर मेणबत्ती पेटवताना पहिल्या मिनिटातच वात नुसती जळून मेणाच्या आत शिरते.

मेण वितळवणे

मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या टोपात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे बसवावे, आणि ते टोपाच्या तळाला टेकू नये म्हणून मध्ये एखादी लोखंडी कडी ठेवावी. पाण्याच्या आधारामुळे मेण 100 अंशांवर जात नाही. थेट आचेवर ते 200 अंशांच्या आसपास पोहोचले की त्याची वाफ पेट घेऊ शकते. पाणी आटत नाही ना, हे पाहत राहावे. मेणाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घालावे. पाणी कदापि टाकू नये, कारण पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. तापमापक हवाच, अंदाजाने केलेले काम इथे निभत नाही. मधमाशीचे मेण 85 अंशांच्या वर नेल्यास त्याचा रंग काळवंडतो आणि वासही जातो.

रंग घालायचा असेल तर मेणात विरघळणारा घ्यावा. मिठाईचे रंग पाण्यात विरघळणारे असतात आणि मेणात मिसळत नाहीत. मुलांच्या रंगीत खडूंमधील रंगाचे कण वातीत अडकून ती कोंदते. सुगंधाविषयी एवढेच सांगतो की तो जितका कमी तितकी ज्योत चांगली.

बुडवून केलेली मेणबत्ती

मेणबत्तीपेक्षा किमान 5 सेंटीमीटर उंच असा उभट स्टीलचा डबा घ्यावा आणि तो जवळजवळ काठोकाठ मेणाने भरावा. काम चालू असताना पातळी उतरते, म्हणून शेजारी आणखी मेण वितळलेले ठेवावे. मेणबत्तीच्या लांबीच्या दुपटीहून थोडी अधिक लांब वात घेऊन ती काठीवर मधोमध टाकली की एका वेळी दोन मेणबत्त्या होतात. दोन्ही टोकांना लोखंडी नट बांधावा, म्हणजे वात सरळ लोंबते.

58 ते 60 अंशांचे पॅराफिन असेल तर मेण 70 अंशांवर स्थिर ठेवावे. वात आत सोडून लगेच, दोन-तीन सेकंदांत, एका लयीत बाहेर काढावी. सावकाश काढल्यास आधीचा थर वितळून जातो, घाईने ओढल्यास अंगावर वळ्या राहतात. प्रत्येक बुडीनंतर दोन ते तीन मिनिटे थांबावे आणि मे महिन्यात त्याहून जास्त; थर स्पर्शाला कोमट आणि न चिकटणारा झाला म्हणजे पुढची बुडी. थर वाढेनासे झाले तर मेण फार गरम आहे, आणि खडबडीत गाठी येऊ लागल्या तर ते फार थंड झाले आहे. अशा 20 ते 40 बुड्या लागतात. हे काम एकट्या मेणबत्तीसाठी कंटाळवाणे आहे. दहा-बारा काठ्या ओळीने टांगल्या की शेवटची बुडवेपर्यंत पहिली थंड झालेली असते, आणि जुन्या कारखान्यांत कामाची रीत हीच होती.

घाई असल्यास काही जण दोन बुड्यांमध्ये मेणबत्ती गार पाण्यात बुडवतात. तसे केल्यास पाण्याचा प्रत्येक थेंब कोरड्या फडक्याने टिपावा, नाहीतर तो थरांत कोंडून जळताना तडतडतो. निम्म्या बुड्या झाल्यावर मेणबत्ती अजून कोमट असताना गुळगुळीत फरशीवर हलक्या हाताने लाटली की वाकडेपणा जातो. या टप्प्यावर नट कापून टाकावेत, म्हणजे ते मेणात गाडले जात नाहीत. शेवटची बुडी 80 अंशांच्या मेणात द्यावी आणि लगेच गार पाण्यात. अंगाला चकाकी येते. बूड गरम तव्यावर क्षणभर टेकवून सपाट करावे.

साच्यातली मेणबत्ती

साच्याला किती मेण लागेल हे पाण्याने मोजावे. साचा पाण्याने भरून ते पाणी मिलिलिटरमध्ये मोजावे आणि त्या आकड्याला 0.9 ने गुणावे. उत्तर येते तितके ग्रॅम पॅराफिन. नंतर साचा पूर्ण कोरडा करावा. बुडाच्या छिद्रातून वात ओवून बाहेरून पुट्टीने छिद्र बंद करावे आणि वरच्या बाजूला वात आडव्या काडीला ताणून बांधावी. धातूचा साचा थोडा कोमट करून घ्यावा, कारण थंड धातूवर गरम मेण पडले की पृष्ठभागावर आडव्या रेषा उमटतात. मेण 80 ते 85 अंशांवर, धार न तोडता ओतावे आणि साच्याला बाहेरून हलक्या टिचक्या माराव्यात, म्हणजे अडकलेली हवा वर येते.

पॅराफिन घट्ट होताना त्याचे आकारमान 10 टक्क्यांहून अधिक घटते. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला भाग नंतर आक्रसतो आणि वातीभोवती पोकळी तयार होते. वरची साय धरली की विणकामाच्या सुईने वातीच्या आजूबाजूला तीन-चार खोल छिद्रे पाडावीत आणि पाच अंश अधिक गरम मेण त्यांत भरावे. मूळ पातळीच्या वर मात्र मेण जाऊ देऊ नये. ते साच्याच्या कडेने खाली उतरते आणि मेणबत्ती चिकटते. मोठ्या मेणबत्तीला हे दोन-तीनदा करावे लागते. मधमाशीचे मेण कमी आक्रसते, पण धातूला धरून बसते, म्हणून साच्याला आतून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा किंवा सिलिकॉनचा साचा वापरावा.

जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताला मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे आणि घरेही विकायला असतात. जे दुखते किंवा जे हवे ते मेणात वाहायचे, असा हा नवस आहे. अशी आकृती घरी करून पाहायची असेल तर ती पोकळ ओतणे सोपे पडते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा करून तो पाण्यात पूर्ण भिजवावा आणि वरचे पाणी टिपून घ्यावे. ओल्या प्लास्टरला मेण चिकटत नाही. दोन्ही भाग दोरीने घट्ट बांधून आत मेण ओतावे, कडेने साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर गोठला की मधले पातळ मेण पुन्हा भांड्यात ओतून घ्यावे. साचा उघडल्यावर जोडाची रेघ सुरीने छिलावी. वजन कमी, मेणाची बचत, आणि जाड भरीव आकृतीला आत पडणारा खळगाही टळतो.

जाळून पाहणे

तयार मेणबत्ती निदान एक दिवस तशीच ठेवावी. नंतर वात 6 मिलिमीटर ठेवून कातरावी आणि वारा नसलेल्या जागी पेटवावी; पंख्याखाली केलेली चाचणी काहीच सांगत नाही. जाड मेणबत्तीत व्यासाच्या प्रत्येक 2.5 सेंटीमीटरमागे साधारण एका तासात वितळलेले मेण कडेपर्यंत पोहोचावे. मध्येच विहीर पडून कडा उभ्या राहिल्या तर वात बारीक आहे. ज्योत उंच नाचत असेल, काजळी येत असेल किंवा टोकाला अळंबीसारखा कोळसा धरत असेल तर वात जाड आहे. सडपातळ मेणबत्ती एका बाजूने ओघळत असेल तर आधी वात मधोमध आहे का ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी, कारण वात आणि मेण दोन्ही बदलली की सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

साठवण आणि उरलेले मेण

मेणबत्त्या कागदात गुंडाळून, आडव्या, सपाट पेटीत ठेवाव्यात आणि पेटी माळ्यावर किंवा खिडकीशी न ठेवता घराच्या थंड कोपऱ्यात ठेवावी. मधमाशीच्या मेणावर काही आठवड्यांनी पांढुरकी भुकटी दिसते. ती बुरशी नव्हे, मऊ फडक्याने पुसली की जाते. मोरीत किंवा बेसिनमध्ये मेण ओतू नये, ते नळीत गोठते. 2 नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, कबरींवर लावलेल्या किंवा पावसाळ्यात वीज गेल्यावर जाळलेल्या मेणबत्त्यांची थोटके गोळा करून वितळवता येतात. जळक्या वाती काढून मेण मलमलीतून गाळावे आणि पिवळे मेण पांढऱ्यापासून वेगळे ठेवावे. या मिश्र मेणाचा वितळणांक माहीत नसतो, तेव्हा त्याच्या लांब मेणबत्त्या न करता ते काचेच्या जाड पेल्यात वात बसवून ओतावे.